हातमोज्यांचं घर

भूपालअण्णा मगदुमांचा आवाज दुसऱ्यांदा गेला तो सकाळी चहा पिताना. पहिल्यांदा गेला तेव्हा कर्करोगाने नेला होता; त्या आजाराला निदान लोक घाबरून तरी असतात. या खेपेला गळ्यातल्या पट्ट्यातून ‘चहात साखर’ एवढं बाहेर पडलं, मग जराशी चरचर झाली आणि पट्टा मुका झाला. साखर जास्त होती की कमी, हे शशिकलाबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही.

सांगलीच्या मार्केट यार्डात अण्णांनी उभी हयात हळदीचे सौदे पुकारले होते. अक्षरओळख सहीपुरतीच होती, म्हणून घसा काढून टाकल्यावर ते खुणा करायचे, आणि शशिकलाबाई त्या खुणांचा भलताच अर्थ लावून भांडायच्या. मग स्वरकंठ आला. माणूस बोलू पाहतो तेव्हा मानेचे आणि जिभेखालचे स्नायू हलतात. स्वरयंत्र नसलं तरी हलतात. त्या हालचालीत विजेचे क्षीण तरंग असतात. गळ्यातला पट्टा ते तरंग पकडायचा, त्यांवरून शब्द ओळखायचा आणि माणसाच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरून घडवलेल्या आवाजात बोलायचा. यार्डातल्या कुणी कुणी सौद्यांचे व्हिडिओ काढून ठेवले होते, म्हणून अण्णांना अण्णांचाच आवाज परत मिळाला. पहिल्या दिवशी त्यांनी घरातल्या मांजराचासुद्धा सौदा पुकारला होता.

पट्टा वर्षाच्या आत बंद पडला. दुसरा घ्यायचा तर यार्डातला गाळा विकावा लागला असता, आणि गाळा पहिल्या पट्ट्यासाठी आधीच विकून झाला होता. पण हमी तीन वर्षांची होती, त्यामुळे शशिकलाबाई निश्चिंत होत्या. त्या वयाच्या बाईने इतकं भाबडं राहू नये.

विश्रामबागेत ध्वनिका कंपनीचं दालन होतं. काचेचा दरवाजा, आत मंद सनईचे सूर, आणि व्यवस्थापकाच्या खुर्चीत अथर्व दांडगे नावाचा तरुण. त्याने पट्टा एका पांढऱ्या खोक्यात ठेवला. खोक्याने साक्षी वाचला. दांडगेच्या चेहऱ्यावर सहानुभूती उमटली. ती उमटवण्याचं त्यांना प्रशिक्षण असतं.

“काकू, द्रव-संपर्क दिसतोय. हमीत बसत नाही.”

“कसला द्रव?”

“शहाळं,” दांडगे म्हणाला.

हा साक्षी काय प्रकार आहे ते इथंच सांगायला हवं. पूर्वी कंपन्या कुठलंही बिघडलेलं यंत्र बघून ‘पाण्यात पडलंय’ म्हणायच्या आणि हात वर करायच्या. ग्राहक संघटनांनी आरडाओरडा केला, मोर्चे काढले, तेव्हा सरकारने कायदा केला की प्रत्येक यंत्रात एक निःपक्षपाती साक्षीदार बसवायचा. कांद्याच्या सालीसारखा एक पातळ पापुद्रा यंत्राच्या आत चिकटवलेला असतो. त्यावर असंख्य सूक्ष्म ठिपके असतात. कुठले क्षार आत आले, किती साखर आली, कितीचा धक्का बसला, यंत्र कुठल्या हातात होतं, तो तळवा केवढा, किती उबदार, त्याचा घाम कसा, हे सगळं ते टिपतात. टिपलेलं कुणाला पुसता येत नाही, कंपनीलाही नाही. ग्राहकांनी पेढे वाटले.

पेढे खाताना एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. साक्षी फक्त काय झालं ते सांगतो. कसं झालं, कुणामुळे झालं, हा तर्क खोक्यातली प्रणाली करते, आणि खोकं कंपनीचं असतं. साक्षीदार सरकारचा, आणि त्याची जबानी लिहून घेणारा आरोपीचा मेहुणा, असा तो न्याय होता.

दांडगेने पडदा वळवून दाखवला. द्रवात पोटॅशियम भरपूर, सोडियम नावाला, थोडी साखर: म्हणजे नारळाचं पाणी. सोबत हळदीचे कण: ग्राहकाचा व्यवसाय. सोबत चुना: ग्राहकाची तंबाखूची सवय. संपर्काच्या वेळी यंत्र दुसऱ्या व्यक्तीच्या हातात: स्त्री, वय तिशीच्या आसपास. संपर्काचा काळ: हमीच्या मुदतीत.

“तिशीच्या आसपास म्हणजे तुमच्या सूनबाई ना? शर्वरी मगदूम. घरात नोंदणी असलेल्या त्याच एक आहेत त्या वयाच्या. त्या शहाळं देतात का अंकलना?”

द्यायची. रोज सकाळी शर्वरी कोपऱ्यावरून शहाळं आणायची, कारण किरणोपचाराने अण्णांचं तोंड कायम कोरडं पडलेलं असायचं. शशिकलाबाईंच्या डोक्यात सगळं चटकन जुळलं. सुनेविषयी वाईट काही जुळवायला त्यांना कधीच वेळ लागत नसे.

“एक मार्ग आहे,” दांडगे पुढे झुकला. “दोषी व्यक्तीचं नाव तुम्ही स्वतः मान्य केलंत, की विमावाले कंपनीला पैसे देतात आणि कंपनी नवा पट्टा देते. तुम्हाला काहीच भुर्दंड नाही. फक्त त्यांचा निगा-अंक खाली येईल.”

निगा-अंक म्हणजे माणूस वस्तू किती जपून वापरतो याचा सरकारमान्य आकडा. एका कंपनीने तो खाली आणला की सगळ्या कंपन्यांना दिसतो. अंक पडलेल्या माणसाने हात लावलेल्या वस्तूला हमी उरत नाही, आणि भाड्याची यंत्रं तर त्याला कुणी देतच नाही. या एका आकड्यामुळे चांगली चांगली घरं येडबंबू झाली होती. पाहुणा आला की लोक टीव्हीचा रिमोट लपवायचे. शेजारच्या कोरेवहिनी मिक्सर लावतानासुद्धा रबरी हातमोजे घालायच्या, म्हणजे साक्षीला कुणाचा तळवाच सापडू नये. त्यांच्या घरात नवरा-बायको, मुलं, सगळे हातमोजे घालून वावरायचे. शशिकलाबाई त्यांच्यावर येताजाता तोंड टाकायच्या. “घर हाय का दवाखाना? आमच्यात असली थेरं न्हाईत,” असं त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायच्या.

घरी येऊन त्यांनी पहिल्यांदा अण्णांच्या सदऱ्याचे खिसे उलटे केले. अण्णांनी हातानेच ‘काय?’ विचारलं.

“चुना सापडलाय म्हणं पट्ट्यात. तंबाखू खाताय व्हय परत?”

अण्णा बघतच राहिले. घसा कापून टाकलेल्या माणसाला हा प्रश्न विचारायची हिंमत एका खोक्याने केली होती आणि त्याच्या बायकोने तो जसाच्या तसा घरी आणला होता. त्यांनी खिसे नीट आत घातले आणि खिडकीकडे तोंड करून बसले.

शर्वरी संध्याकाळी आली. ती डोळे तपासायचं काम करायची. भाड्याने घेतलेलं एक हातात मावणारं यंत्र घेऊन तासगाव, कवठेमहांकाळकडच्या गावांतून फिरायची आणि म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांचे पडदे बघायची. तिचा नवरा समीर नोकरीला तळेगावात, महिन्यातून एकदा यायचा. घर चालायचं ते त्या यंत्रावर.

“आई, मी पट्टा काढून ठेवल्याशिवाय बाबांना कधीच शहाळं दिलं नाही,” ती म्हणाली. “आणि काढतातसुद्धा बाबा स्वतः. मी हातच लावत नाही.”

“मग मशीन खोटं बोलतंय?”

“मशीनचं मला माहीत नाही. मी माझं सांगते.”

अण्णांनी जोरजोरात मान हलवली, शर्वरीकडे बोट केलं, मग दोन्ही हात हलवून ‘नाही, नाही’ अशी खूण केली. शशिकलाबाईंनी त्या खुणेचाही अर्थ त्यांना हवा तो लावला: सुनेला पाठीशी घालतायत.

“चुकून सांडलं आसंल. सांडलं म्हणायला काय जातंय तुझं? ह्यांचा आवाज परत येतोय त्यात.”

“माझं काम जातंय, आई. अंक खाली आला की त्याच दिवशी यंत्र परत नेतात.” शर्वरीचा आवाज अजिबात चढला नाही. “आणि मी सांडलं असतं, तर मी त्याच दिवशी सांगितलं असतं. तुम्हाला इतक्या वर्षांत एवढंही कळलं नसेल, तर माझ्या सांगण्यात काही अर्थ नाही.”

दुसऱ्या दिवशी शहाळं आलं, पण ते अण्णांच्या हातात न देता शर्वरीने बाहेरच्या कट्ट्यावर ठेवलं. घरात ती कशाला हात लावीनाशी झाली. पंखा लावायचा तर कोपराने कळ दाबायची. शशिकलाबाईंना ही नाटकं वाटली. नाटकी माणसांचा त्यांना तिटकारा होता, आणि आपल्याला पटत नाही त्या प्रत्येक गोष्टीला त्या नाटक म्हणत.

आठवडा असाच गेला. अण्णा दिवसभर खिडकीशी. यार्डातले जुने लोक भेटायला यायचे, एकतर्फी बोलून थकायचे आणि चहा पिऊन जायचे. एकदा एक हमाल त्यांना नवीन हळदीचा दर सांगत होता, तेव्हा अण्णांचे ओठ सवयीने हलले, मानेच्या शिरा ताठ झाल्या आणि आवाज काहीच आला नाही. ते बघून शशिकलाबाईंना आतून तुटल्यासारखं झालं. त्यांनी चप्पल घातली आणि रिक्षा पकडून विश्रामबाग गाठलं. सुनेला दुसरं काम मिळेल, असं त्या वाटेत स्वतःला सांगत होत्या. कुठलं मिळेल याचा विचार मात्र त्यांनी कटाक्षाने टाळला.

दांडगेने त्यांना बसवलं. “कागद तयारच आहे काकू, फक्त अंगठा टेकवायचा. पण दोन मिनिटं हं, एक मंगल सुपूर्दी आहे, ती उरकून येतो.”

दालनाच्या मधोमध मिरजेचं एक कुटुंब उभं होतं. म्हातारीसाठी ऐकायचं यंत्र घेतलं होतं. चौरंगावर मखमल, मखमलीवर यंत्र. कंपनीची साडी नेसलेली एक मुलगी ताट घेऊन आली. तिने अनामिका आणि अंगठ्याने चिमूट धरून यंत्राला हळद लावली, कुंकू लावलं, यंत्र हातात घेऊन त्याला ओवाळलं. दांडगेने तिथंच ठेवलेल्या दगडावर नारळ फोडला आणि हसऱ्या चेहऱ्याने कॅमेऱ्याकडे बघितलं. कुटुंबाने हात जोडले.

शशिकलाबाई उठून उभ्या राहिल्या. हे सगळं त्यांच्याही वेळी असंच झालं होतं. असाच चौरंग, अशीच साडी नेसलेली मुलगी, वय तिशीच्या आसपास. कुंकू म्हणजे दुसरं काय असतं? हळद आणि चुना. लहानपणी आजोळी कुंकू बनवताना त्यांनी बघितलं होतं; पिवळी हळद चुन्याच्या पाण्याने लालभडक व्हायची. ना यार्डातली हळद, ना अण्णांची तंबाखू. आणि नारळाचं पाणी शर्वरीच्या शहाळ्यातलं नव्हतंच.

त्याच्या पाठोपाठ आणखी एक गोष्ट आठवली, आणि त्या पुन्हा खाली बसल्या. त्या दिवशी दांडगे नारळ फोडून बाजूला सरत होता. तेव्हा त्यांनीच त्याला थांबवलं होतं. “अवो, आसं कोरडं कोरडं काय करताय? दोन थेंब यंत्रावर पडू देत की. त्याशिवाय पूजा पुरी होती व्हय?” दांडगे हसला होता आणि मुलीच्या हातातल्या पट्ट्यावर त्याने नारळाची करवंटी तिरकी केली होती. शशिकलाबाईंनी डोळे मिटून नमस्कार केला होता.

“या काकू, इथं अंगठा,” दांडगे परत येऊन म्हणाला.

“अंगठा माझ्याजवळच ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “साक्षी सांगतोय, पाणी हमीच्या मुदतीत गेलं. मुदतीत कवा? येळ किती?”

दांडगेची सहानुभूती जराशी सैल झाली. “वेळेची नोंद कंपनीचं व्यापारी गुपित असतं.”

“माझ्या नवऱ्याच्या गळ्यात काय झालं ते तुमचं गुपित. भले.” त्यांनी पिशवी उचलली.

शशिकलाबाईंनी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार लावली. कंपनीने दांडगेच्या जोडीला पुण्याहून वकील पाठवला. तो इतका सुवासिक होता की त्याच्या अलीकडची दोन बाकं रिकामी झाली. अध्यक्षा रेहाना मुल्ला यांनी सगळ्यात आधी वेळेची नोंद मागितली. वकिलाने व्यापारी गुपिताचं पालुपद आळवलं. मुल्लाबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, कायदा करताना सरकारने साक्षी ग्राहकासाठी बसवला होता की तुमच्या करमणुकीसाठी. नोंद वाचली गेली. नारळाचं पाणी पट्ट्यात शिरलं होतं बिल झाल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात. पट्टा तेव्हा अण्णांच्या गळ्यात एकदाही चढला नव्हता. पाण्यातली साखर आणि क्षार आत बसून तेव्हापासून तारा कुरतडत होते.

मागच्या बाकावर बसलेल्या शर्वरीने मांडीवरचे हात पहिल्यांदा सैल सोडले. अण्णांनी तिचं कोपर थोपटलं.

वकील मात्र खचला नाही. असल्या लोकांचं तेच भांडवल असतं. “पूजा ही ग्राहकाच्या श्रद्धेची बाब आहे,” तो म्हणाला. “कंपनी श्रद्धेची हमी घेत नाही. मी तक्रारदार बाईंना एकच प्रश्न विचारतो. यंत्रावर पाण्याचे थेंब कुणाच्या सांगण्यावरून पडले?”

दालनात कॅमेरा होता, पण त्या चित्रणात सनई लावली होती. कोण काय म्हणालं ते ऐकू येत नव्हतं. हे वकिलालाही माहीत होतं आणि दांडगेलाही. दांडगेचा नुसता शब्द एका बाजूला आणि शशिकलाबाईंचा दुसऱ्या. त्या ‘मला आठवत नाही’ म्हणाल्या असत्या, तरी पट्टा मिळाला असता. खरं सांगितलं तर कदाचित हातचा जाणार होता. त्यांनी अण्णांकडे बघितलं. अण्णांना त्या दिवशीचं सगळं आठवत होतं. पूजेच्या वेळी ते शेजारीच उभे होते. आपल्याला हे इतके दिवस माहीत होतं आणि खुणेने सांगायचा प्रयत्न करत होतो, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. मग शशिकलाबाईंनी शर्वरीकडे बघितलं. ही मुलगी तो आठवडाभर जी गोष्ट सांगत होती, ती खरी असू शकते असं त्यांना एकदाही वाटलं नव्हतं. त्यांना स्वतःची शिसारी आली.

“माझ्या,” त्या म्हणाल्या. “मीच म्हटलं, दोन थेंब पडू देत. नाव लिवायचंच आसंल तर माझं लिवा. सुनेचं खोडा.”

वकिलाने समाधानाने फाईल मिटली. ती फार लवकर मिटली, हे त्याला नंतर कळलं.

“दांडगे,” मुल्लाबाईंनी विचारलं, “या यंत्रात पाणी गेलं तर ते बिघडतं, हे तुम्हाला त्या दिवशी माहीत होतं का?”

“हो, मॅडम. तसं प्रशिक्षण असतं.”

“बाईंना माहीत होतं?”

दांडगे वकिलाकडे बघू लागला.

“चौरंग कुणाचा? नारळ कुणाचा? बिलात ही ‘मंगल सुपूर्दी सेवा’ म्हणून वेगळी रक्कम कसली आहे?” मुल्लाबाई थांबल्या नाहीत. “गिऱ्हाईक श्रद्धेनं म्हणालं, आणि तुम्ही जाणूनबुजून विजेच्या यंत्रावर पाणी ओतलंत, वर त्याचे पैसे लावलेत. मग त्याच पाण्याचा आळ त्यांच्या सुनेवर घातलात. उद्या गिऱ्हाईक म्हणालं यंत्र नदीत बुडवून आणा, तर तुम्ही बुडवाल आणि बुडवण्याचं बिल लावाल.”

निकालात नवा पट्टा देण्याचा आणि शर्वरीचं नाव नोंदींतून काढण्याचा हुकूम झाला. कंपनीने तो पाळला, पण आपल्या पद्धतीने. शशिकलाबाईंनी भर आयोगात दोष कबूल केला होता, म्हणून त्यांचा निगा-अंक तळाला नेऊन ठेवला. आता त्यांनी हात लावला की घरातल्या मिक्सरची हमी संपणार होती. शशिकलाबाईंनी ते पत्र वाचलं, त्याची घडी करून डगमगणाऱ्या पाटाखाली सारली, आणि त्यानंतर तो पाट डगमगला नाही.

नवा पट्टा घेऊन दांडगे स्वतः घरी आला. सोबत ताट होतं, आणि ताटात हळद, कुंकू आणि नारळ. कंपनीचा नियम अजून बदलला नव्हता.

“नारळ ठेवून जा,” शशिकलाबाई म्हणाल्या. “आमटीत घालू.”

तो गेल्यावर त्यांनी पट्ट्याची पेटी उघडली, पण पट्ट्याला हात लावला नाही. त्यांचा अंक संपलेला होता, आणि खरं सांगायचं तर त्यांना तसाही तो मान स्वतःकडे घ्यायचा नव्हता. त्यांनी शर्वरीला हाक मारली. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. जन्मभर कधी गरज पडली नाही असं त्या समजत आल्या होत्या.

“तू लाव ह्यांना,” त्या म्हणाल्या. “माझं चुकलं, शर्वरी. पोटच्या पोरीवर मी आसा आळ घेतला नसता.”

शर्वरीने मान डोलावली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तिने खांद्यावरची पर्स उघडली, आतून पांढऱ्या रबरी हातमोज्यांची जोडी काढली आणि एकेक बोट ओढून नीट घातली. मग पट्टा उचलला, अण्णांच्या गळ्याभोवती फिरवला, मागे कळ लावली आणि दोन पावलं मागे सरून उभी राहिली.

अण्णांच्या मानेच्या शिरा हलल्या. नव्या पट्ट्यातून त्यांचा तोच आवाज आला, यार्ड दणाणून सोडणारा, फक्त हळू.

“पोरी, ते काढ हातातलं. आपलं घर हाय हे.”

“राहू दे बाबा,” शर्वरी म्हणाली. “सवय झालीय आता.”

ती मोजे न काढताच स्वयंपाकघरात गेली. अण्णांनी बायकोकडे बघितलं. त्यांना आता बोलता येत होतं, तरी ते काही बोलले नाहीत. भिंतीपलीकडे कोरेवहिनींचा मिक्सर सुरू झाला, आणि शशिकलाबाई या खेपेला त्यांना काही बोलल्या नाहीत.